गिझरचा रेझिस्टन्स २६ की ३०? आकडे सगळे बरोबर आहेत, पण मधले २९ व्होल्ट कुठे गेले?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे कोल्हापुरातल्या फुलेवाडीचे. घरात १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर. पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागतोय म्हणून त्यांनी स्वतःच मीटर लावून पाहिला. गिझर बंद असताना सॉकेटवर २२४ व्होल्ट, चालू केला की १९५. टाँग टेस्टरवर (वायर न तोडता तिच्याभोवती जबडा धरून करंट मोजायचा मीटर) करंट ७.४ अँपिअर. आता २२४ ला ७.४ ने भागलं तर ३०.३ ओहम येतात, १९५ ला भागलं तर २६.४. पॉवर एका हिशेबाने १६५८ वॅट, दुसऱ्याने १४४३, आणि गिझरच्या पट्टीवर छापलेत २०००. यातला खरा आकडा कुठला आणि एलिमेंट बदलायचं का? शिवाय एक जोडप्रश्न: गावाकडच्या ५ एचपी मोटरला हेच सूत्र लावलं तर ४१५ भागिले ७.५ म्हणजे ५५ ओहम होतात, पण वाइंडर (मोटरचं वाइंडिंग करणारा) मीटर लावून ५ ओहम दाखवतो. चुकतंय कोण?

आधी उत्तर सांगतो, म्हणजे तुम्ही दुकानात जायच्या आधी थांबाल. एलिमेंट बदलू नका, ते ठणठणीत आहे. वाइंडरही बरोबर आहे. बोर्डात किंवा लाइनीत मात्र काहीतरी बिघडलंय आणि ते गिझरपेक्षा जास्त काळजीचं आहे.

माझं काम उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं, जोडीला घरांची वायरिंग. सव्वीस वर्षं झाली. या काळात सूत्र चुकलेली माणसं मला फारशी भेटली नाहीत. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, हे शाळेत पाठ झालेलं असतं. घोळ होतो तो व्होल्टेज कुठल्या दोन टोकांमधला घेतला यात. ज्या वस्तूचा रेझिस्टन्स काढायचा, तिच्याच दोन टोकांमधला व्होल्टेज हवा, तिच्यातूनच वाहणारा करंट हवा, आणि दोन्ही रीडिंग एकाच वेळची हवीत. तुमचे २२४ व्होल्ट गिझर बंद असतानाचे आहेत आणि ७.४ अँपिअर चालू असतानाचे. एकाच्या कुंडलीवर दुसऱ्याचं लग्न जमवल्यासारखं ते झालं.

तरीही तुमचे सगळे आकडे खरे आहेत. ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत, एवढंच. १९५ भागिले ७.४ म्हणजे २६.४ ओहम, हा एकट्या गिझरचा रेझिस्टन्स. २२४ भागिले ७.४ म्हणजे ३०.३ ओहम, हा गिझर अधिक त्याच्यापर्यंतची सगळी वाट: डीपीपासूनची (ट्रान्सफॉर्मरपासूनची) लाइन, पोलवरची सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच, भिंतीतली वायर, सॉकेट. दोन्हींतला फरक ३.९ ओहम, तो नुसत्या वाटेचा. पॉवरचंही तसंच. एकूण ओढले जातात १६५८ वॅट, त्यातले १४४३ पाण्यात उतरतात आणि २९ व्होल्ट गुणिले ७.४ म्हणजे सुमारे २१५ वॅट वाटेतच गळतात.

आता पट्टीवरचे २०००. ते २३० व्होल्टला असतात, पट्टीवर शेजारीच बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला २००० ने भागलं की २६.४५ ओहम. तुमचं मोजमाप २६.४. नव्या कोऱ्या एलिमेंटमध्येही पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालतं, तुमचं तर छापल्याबरहुकूम निघालं. म्हणूनच म्हटलं, बदलू नका.

मग पाणी उशिरा का तापतं? एलिमेंटचा रेझिस्टन्स जवळपास कायम असतो, त्यामुळे पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात पडते. १९५ म्हणजे २३० च्या पंधरा टक्के कमी. पॉवर मात्र अठ्ठावीस टक्के कमी होते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला २००० वॅटला साधारण १६ मिनिटं लागतात, १४४३ वॅटला २२. थंडीच्या दिवसांत सकाळी सगळ्यांची घाई असताना ही सहा मिनिटं चांगलीच जाणवतात. पाण्यात जाणारी युनिटं मात्र दोन्हीकडे सारखीच, अर्ध्याच्या किंचित वर. कमी व्होल्टेजने गिझर जास्त युनिट खातो असं कुणी सांगितलं तर मान हलवून सोडून द्या.

इथे एक अट सांगायला हवी. रेझिस्टन्स 'जवळपास कायम' हे गिझर, इस्त्री, शेगडी यांना लागू आहे, कारण आतली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रेझिस्टन्स थोडाच वाढतो. जुना पिवळा बल्ब घ्या. ६० वॅटच्या बल्बचा हिशेब ८८२ ओहम येतो, आणि हातात धरून मीटर लावला तर जेमतेम पासष्टच्या आसपास दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार थंड असताना एक आणि पांढरीशुभ्र तापल्यावर त्याच्या दहा-पंधरा पट. बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच जातो, त्याचं एक कारण हेच. एलईडी बल्बला तर ओहमचा मीटर लावूच नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, जो आकडा दिसेल त्याला काही अर्थ नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे ते २९ व्होल्ट. घरातल्या घरात, गिझरसारख्या लोडवर पाच-सात व्होल्ट पडले तर मी काही बोलत नाही. २९ खूप झाले. नुसत्या वायरमुळे एवढे पडतील का, ते तपासून बघू. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१८ ओहम. बाथरूम मेनपासून २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.७ ओहम. त्यावर ७.४ अँपिअरला पाच-सव्वापाच व्होल्ट. उरलेल्या २४ व्होल्टांचा हिशेब वायर देत नाही. ते एकतर घराबाहेर जातायत किंवा एखाद्या सैल जोडात.

आणि सैल जोडात जात असतील तर त्याच सूत्राने पुढचा हिशेब करा. एका स्क्रूखाली २० व्होल्ट पडतात आणि त्यातून ७.४ अँपिअर जातात, म्हणजे १४८ वॅट. आमच्या टेबलावरची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि तिच्या टोकाला कथील पाण्यासारखं वितळतं. तशा सहा आयर्न हरभऱ्याएवढ्या जागेत पेटवून ठेवल्यासारखं ते आहे, आणि भोवती प्लॅस्टिक. यावर लोक हमखास म्हणतात, "एमसीबी आहे की, पडेल." नाही पडणार. सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट कमी होतो. ८.७ च्या जागी ७.४ वाहतोय, १६ अँपिअरचा एमसीबी कशाला पडेल? करंट गळाला की पडणारा ईएलसीबीही पडणार नाही, कारण गेलेला करंट सगळाच्या सगळा न्यूट्रलने परत येतोय, गळत कुठेच नाही. ही आग कुठल्याच खटक्याला दिसत नाही.

कसबा बावड्यात एका जुन्या घरात हाच प्रकार पाहिलाय. न्हाणीघर मागच्या परसात, मेनपासून वायरीच्या मापाने पस्तीस मीटर. तक्रार तुमचीच. घरच्या आज्जी म्हणाल्या, "म्हातारा झालाय गिझर, माझ्यासारखाच. दम धरत न्हाई." दोनदा एलिमेंट बदलून झालं होतं, थर्मोस्टॅटही नवा. गिझर चालू ठेवून मेनवर मोजलं, २१९. न्हाणीघरात गिझरच्या टोकांना १९३. मेन बंद करून बोर्ड उघडला तर आधी वास आला, मासळी करपल्यासारखा. जळक्या सॉकेटचा हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. न्यूट्रलच्या टर्मिनलपाशी प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, पितळ काळं, वायरीच्या पदरांतले चारच शाबूत. स्क्रू आवळलेला होता, पण अर्धा तांब्यावर आणि अर्धा इन्सुलेशनवर. वायरिंगवाल्याने वायर नीट सोललीच नव्हती आणि तशीच कोंबली होती. पुन्हा चालू करून वायरीच्या तांब्यापासून सॉकेटच्या पितळेपर्यंत व्होल्टेज घेतला. खरं तर तिथे शून्य पॉइंट काहीतरी यायला हवं. आले १७ व्होल्ट. करंट ७.३, म्हणजे सव्वाशे वॅट त्या एका स्क्रूखाली. उरलेले नऊ व्होल्ट १ स्क्वेअर एमएमच्या पस्तीस मीटर वायरीने खाल्ले होते. सॉकेट बदललं, अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढली, न्हाणीघरात २१५ मिळायला लागले. गिझर तोच.

असा जोड आपणहून कधी सुधारत नाही. तापतो म्हणून पितळ-तांब्यावर काळा थर चढतो, थरामुळे रेझिस्टन्स वाढतो, त्याने आणखी तापतो. आज २९ असलेले उद्या ३५ होतील.

तुमच्याकडे हे नेमकं कुठे आहे ते इथे बसून मला सांगता येणार नाही. ते एका रीडिंगवर ठरेल: गिझर चालू असताना मेन स्विचच्या आउटपुटला किती येतात? तिथेच १९७-१९८ दिसले तर दोष घराबाहेर आहे. पोलवरचा सर्व्हिस वायरचा जोड, किंवा तुम्ही डीपीपासून फार लांब आहात आणि लाइनीवर लोड जास्त आहे. पहिल्यात फक्त तुमचं घर मंद होतं, दुसऱ्यात शेजाऱ्यांचंही, आणि तेही संध्याकाळ-सकाळच्या ठरावीक वेळी. पुरवठा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये असायला हवा, तेव्हा तक्रार करताना लोड असतानाचं आणि नसतानाचं अशी दोन्ही रीडिंग वेळेसकट लिहून द्या. मेनला २२० च्या आसपास आणि सॉकेटला १९५ असेल तर दोष घरात आहे, आणि तोवर गिझर वापरू नका. पाणी गॅसवर तापवा. घरात थ्री फेज असेल आणि गिझर लावल्यावर दुसऱ्या खोलीतला दिवा मंद व्हायच्या ऐवजी जास्त उजळत असेल, तर न्यूट्रल सैल आहे. विचार करत बसू नका, मेन पाडा आणि वायरमनला बोलवा.

मोजताना काही गोष्टी सांभाळा. तुम्ही चालू सॉकेटवर रीडिंग घेतलंय म्हणजे बोर्ड उघडा ठेवून घेतलं असणार. ओल्या बाथरूममध्ये हे पुन्हा करू नका, मेनवरचं रीडिंगही इलेक्ट्रिशियनकडून घ्या. ओहमचा खटका लावून चालू लाइनीला पिना टेकवायच्या नाहीत. आणि मल्टिमीटरची लाल पिन अँपिअरच्या भोकात असताना सॉकेटला लावाल तर तो सरळ शॉर्ट आहे. माझ्याकडच्या एका पोराने असं करून मीटरच्या पिना वितळवल्यात, हात थोडक्यात वाचला. टाँग टेस्टरमध्ये एकच वायर घ्यायची, फेज नाहीतर न्यूट्रल. अख्खी केबल जबड्यात धरली तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना मारतो आणि मीटर शून्य दाखवतो. बारीक करंट असेल, समजा पाव अँपिअर, तर वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा.

आता मोटर. इथे सूत्र खोटं ठरत नाही, पण त्याने निघतो तो आकडा रेझिस्टन्सचा नसतो. एसी मोटरचं वाइंडिंग म्हणजे लोखंडाभोवतीचं वेटोळं. मोटर फिरते तेव्हा ते वेटोळं स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करून करंटला अडवतं. व्होल्टेजला करंटने भागून मिळते ती ही सगळी अडवणूक मिळून, तिला इम्पिडन्स म्हणतात. शिवाय तुमच्या ५५ मध्ये आणखी एक चूक आहे. मोटर डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) असेल तर वायरीत ७.५ अँपिअर असताना प्रत्येक वाइंडिंगमध्ये ७.५ भागिले १.७३२, म्हणजे ४.३३ च जातात. तेव्हा ४१५ भागिले ४.३३, सुमारे ९६ ओहम. त्यातला तांब्याच्या तारेचा खरा रेझिस्टन्स पाचच. वाइंडर वाइंडिंगना एकमेकींशी जोडणारी लिंक काढून, मोटर थांबवून बॅटरीच्या मीटरने मोजतो, त्याला तेवढाच दिसतो.

पॉवरही म्हणून नुसता गुणाकार करून येत नाही. थ्री फेजला १.७३२ गुणिले ४१५ गुणिले ७.५ केले की ५३९१ येतात, पण ते वॅट नव्हेत. त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्यातला किती हिस्सा खरी पॉवर आहे त्या आकड्याने गुणायचं. फुल लोडला तो ०.८२ धरला तर ४४२० वॅट. मोटरची पट्टी ३.७ किलोवॅट म्हणते ते शाफ्टवर मिळणारे; मधले सातशेच्या आसपास वॅट मोटरमध्येच उष्णता आणि घर्षणात जातात. त्यातले वाइंडिंगमधले किती, हे त्या ५ ओहमवरून काढता येतं: ४.३३ चा वर्ग गुणिले ५, तीन वाइंडिंगचे मिळून २८० वॅट. वाइंडरचा रेझिस्टन्स कामाला येतो तो इथे.

आणि गिझर-मोटर यांच्यातला सगळ्यात मोठा फरक शेतकऱ्याला मोटर जाळून घेतल्यावरच कळतो. व्होल्टेज पडला की गिझर करंट कमी घेतो. मोटर जास्त घेते. पंपाला पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, मग व्होल्टेजची कसर ती करंटने भरून काढते. ४१५ चे ३५० झाले तर ७.५ चे जवळजवळ ९ अँपिअर होतात. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे २८० चे ४०० वॅट. रात्रपाळीच्या लाइटवर उसाला पाणी सोडून माणूस घरी झोपलेला, नदीकाठी सगळ्यांचे पंप एकदम सुरू, आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) कुणीतरी 'सारखा पडतो' म्हणून १२ अँपिअरवर नेऊन ठेवलेला. सकाळी मोटर माझ्या दारात. तुमच्या मोटरचा रिले पट्टीवरच्या फुल लोड करंटला लावा, ७.५ असेल तर ७.५. सारखा पडत असेल तर तो व्होल्टेजबद्दल किंवा पंपाबद्दल काहीतरी सांगतोय.

मोटर आतून किती तापते हे हात लावून कळत नाही, पण त्या ५ ओहमवरून कळतं. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढतो. सकाळी मोटर थंड असताना रीडिंग घ्या, समजा २५ अंशांना ५.० ओहम. दोन-तीन तास चालवून बंद केल्यावर, स्टार्टरची मेन पाडून, एक-दोन मिनिटांत पुन्हा घ्या, समजा ६.२. मोटर थंड असतानाच्या तापमानात २३४.५ (हा तांब्याचा ठरलेला आकडा) मिळवायचे, २५९.५ होतात. त्याला ६.२ भागिले ५.० ने गुणायचं आणि २३४.५ वजा करायचे. ८७ अंश आले. हे पूर्ण वाइंडिंगचं सरासरी तापमान, एखादा कोपरा आणखी तापलेला असतो. बी क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश, तेव्हा ८७ ला माझी काही तक्रार नाही. ११० दिसू लागले तर मी मोटर उतरवायला सांगतो. फक्त एवढ्या लहान ओहमात मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२-०.३ ओहम मोठा ठरतो. मोजायच्या आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहून घ्या आणि प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. गिझरच्या २६ मध्ये तेवढ्याने काही बिघडत नाही, मोटरच्या ५ मध्ये मात्र एका रीडिंगमधून वजा केला आणि दुसऱ्यातून विसरलात तर तुमचे दहा-पंधरा अंश इकडचे तिकडे होतील.